एकाच सिमेंटचे तीन आकडे

एकाच पोत्यातले नवे, कमी कार्बनचे सिमेंट तीन प्रयोगशाळांत गेले आणि २८ दिवसांनी तपासलेल्या ताकदीचे तीन वेगळे आकडे आले. एक आमचा, नवी मुंबईतला. दुसरा स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा. तिसरा क्यूबातल्या सांता क्लारा शहराचा. लोझानचा आकडा पाहून हे सिमेंट उद्याच बाजारात यावे असे वाटे, आमचा पाहून त्याचा नाद सोडावा असे. तिघींनीही काम चोख केले होते. तरी आकडे जुळेनात, आणि ते का जुळत नाहीत हे शोधण्यातच आमच्या एकत्र कामाचा सगळ्यात मोलाचा काळ गेला. त्याबद्दलच लिहिते आहे. आंतरराष्ट्रीय संशोधन म्हटले की लोकांना परिषदा आणि करारावरच्या सह्या दिसतात. मोजायचे कसे यावर एकमत करायला किती घाम गाळावा लागतो, ते बाहेर कुणाला कळत नाही.

मी ठाण्यात राहते आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत बांधकाम साहित्याच्या टिकाऊपणावर काम करते. लोझान आणि सांता क्लारा इथल्या दोघी संशोधकांशी माझी ओळख एका ऑनलाइन कार्यशाळेत झाली. विषय होता कमी क्लिंकरचे सिमेंट.

हे सिमेंट काय आहे ते आधी सांगते. नेहमीच्या सिमेंटचा गाभा म्हणजे क्लिंकर. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून तो बनतो. भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि क्लिंकर बनवताना होणाऱ्या उत्सर्जनातला साधारण ६० टक्के वाटा त्याचाच असतो. उरलेला इंधनाचा. म्हणजे उद्या भट्टीचे इंधन पूर्ण स्वच्छ झाले तरी मोठा वाटा जागच्या जागी राहतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के सिमेंटच्या नावावर आहे. त्यामुळे हाताशी असलेला सगळ्यात सरळ उपाय म्हणजे सिमेंटमधला क्लिंकर कमी करणे. एलसी-३ हे असेच कमी क्लिंकरचे सिमेंट. त्या मिश्रणात साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली माती, १५ टक्के न भाजलेल्या चुनखडीची पूड आणि ५ टक्के जिप्सम असते. माती ७०० ते ८५० अंशांवरच तयार होते आणि चुनखडी भाजायचीच नसल्याने तिच्यातला वायू तिच्यातच राहतो.

लोझानच्या ईपीएफएल या संस्थेतल्या प्राध्यापक कॅरन स्क्रिव्हनर आणि सांता क्लाराच्या विद्यापीठातले प्राध्यापक फर्नांडो मार्तिरेना यांच्या गटांनी या मिश्रणाचा पाया घातला. कारखान्यातले पहिले चाचणी उत्पादन २०१३ मध्ये क्यूबात झाले. आपल्याकडे आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आणि तारा या संस्थांनी त्यावर बरीच वर्षे काम केले, आणि २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे भारतीय मानक निघाले. स्क्रिव्हनरबाईंचा एक युक्तिवाद मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पृथ्वीच्या कवचाचा सुमारे ९८ टक्के भाग आठच मूलद्रव्यांचा आहे. अब्जावधी टन लागणारी वस्तू त्यांतूनच घडवावी लागणार. म्हणून सिमेंटच्या बाबतीत कुठल्या तरी अद्भुत नव्या पदार्थाची वाट पाहण्यात अर्थ नाही. माती आणि चुनखडी यांच्याकडेच नीट पाहायला हवे. मला हे पटते. शिवाय चुन्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड, मिसळणाऱ्या आपल्या जुन्या गवंड्यांना भाजलेली माती नवी नव्हती, आणि भाजलेली माती मिसळलेल्या सिमेंटसाठी आयएस १४८९ चा दुसरा भाग १९९१ पासून आहे.

आता त्या तीन आकड्यांकडे येते.

भारतीय पद्धतीत सिमेंटची ताकद ७०.६ मिलिमीटरच्या घनावर तपासतात. २०० ग्रॅम सिमेंट, ६०० ग्रॅम तमिळनाडूतल्या एन्नोरची प्रमाणित वाळू, आणि तापमान २७ अंश. युरोपात ४० बाय ४० बाय १६० मिलिमीटरची लांबट कांडी करतात. ४५० ग्रॅम सिमेंट, १३५० ग्रॅम वाळू, २२५ ग्रॅम पाणी, तापमान २० अंश. क्यूबातही कांडीच, पण तिथे वीज जाते तेव्हा क्युरिंगच्या, म्हणजे नमुने ओले ठेवून पक्के होऊ देण्याच्या, खोलीचे तापमान बाहेरच्या हवेबरोबर चढते. भाजलेल्या मातीची सुरुवातीची रासायनिक क्रिया तापमानाला फार संवेदनशील असते. सात अंशांचा फरक पहिल्या आठवड्यात ठळक दिसतो.

पण खरी मेख पाण्यात होती. युरोपीय पद्धतीत पाणी ठरलेले, सिमेंटच्या निम्मे. आपल्या पद्धतीत ते सिमेंटच्या प्रमाणित घट्टपणावर ठरते. तो घट्टपणा येण्यासाठी जितके टक्के पाणी लागते त्याला चाराने भागायचे, त्यात तीन मिळवायचे, आणि तितके टक्के पाणी सिमेंट व वाळूच्या एकूण वजनावर घालायचे. साधे सिमेंट २८ टक्के पाणी मागत असेल तर हिशेब येतो १० टक्के, म्हणजे ८०० ग्रॅमला ८० ग्रॅम. भाजलेली माती बारीक आणि पातळ पापुद्र्यांची असते, ती जास्त पाणी धरते. समजा मागणी ३६ वर गेली, की पाणी १२ टक्के, म्हणजे ९६ ग्रॅम. पाणी आणि सिमेंट यांचे गुणोत्तर ०.४० वरून ०.४८ वर गेले. म्हणजे चाचणीच या सिमेंटला साध्या सिमेंटपेक्षा जास्त पाणी पाजते आणि मग त्याला कमजोर ठरवते. प्रत्यक्ष काँक्रीटमध्ये आपण पाणी वाढवत नाही, प्लास्टिसायझर, म्हणजे माल सैल करणारे केमिकल घालतो.

हे उलगडले त्या दिवशी आम्ही तिघी फार खूश झालो. तिन्ही आकडे बरोबर होते. प्रत्येक आकड्यामागे त्या त्या देशाची सवय, हवामान आणि गरज उभी होती. आपली २७ अंशांची अट उगाच आलेली नाही, आपल्या हवेत २० अंश राखायला वातानुकूलन जाळावे लागेल. म्हणून कुणाची तरी पद्धत सगळ्यांनी उचलायची असे आम्ही ठरवले नाही. प्रत्येकीने आपापल्या मानकाप्रमाणे तपासायचे, त्याशिवाय एक सामायिक चाचणी करायची: ०.५० गुणोत्तर, आणि २० व २७ अशी दोन्ही तापमाने. मातीची क्रियाशीलता मात्र एकाच पद्धतीने मोजायची. त्यासाठी रिलेम या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या समितीने अनेक प्रयोगशाळांत पारखलेली आर-थ्री चाचणी होती, २०२० मध्ये ती एएसटीएम सी १८९७ म्हणून अमेरिकी मानकही झाली. भाजलेली माती, चुना, थोडे चुनखडीचे पीठ आणि अल्कली यांचा लगदा ४० अंशांवर सात दिवस ठेवायचा आणि त्यातून किती उष्णता निघते ते मोजायचे. घन, कांडी, वाळू असला कसलाच वाद उरत नाही.

मातीची गोष्ट वेगळी. आम्हाला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, ठाण्याच्या खाडीतला गाळ का वापरत नाही? प्रश्न रास्त आहे. गाळ दारात आहे, उपसावा लागतो, आणि माती दुरून आणण्याचे इंधन वाचेल. पण एलसी-३ ला लागते केओलिनाइट नावाचे खनिज असलेली माती, त्याचे प्रमाण साधारण ४० टक्के तरी हवे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, आणि बेसॉल्ट झिजून खाडीत येणारा गाळ मुख्यतः फुगणाऱ्या स्मेक्टाइट जातीचा. तो भाजून इतका क्रियाशील होत नाही. वर त्यात मीठ, म्हणजे सळईचा वैरी. केओलिनाइट ओळखायची रीत सोपी आहे: नमुना तापवत न्यायचा आणि ४०० ते ६०० अंशांदरम्यान वजन किती घटते ते पाहायचे. शुद्ध केओलिनाइटचे जवळपास १४ टक्के वजन पाणी होऊन उडते. म्हणून आम्ही कच्छमधल्या चिनी मातीच्या खाणीत बाजूला टाकलेली माती घेतली, आणि तुलनेसाठी सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या थराखालची पांढरट माती. सांता क्लारावालीने तिच्या बेटावरची घेतली.

इथे सीमा आडव्या आल्या. कच्ची माती एका देशातून दुसऱ्या देशात सहज जात नाही, आणि जाऊही नये, कारण तिच्याबरोबर किडी, बुरशी, तणाचे बी जाते. भारतात माती आणायला २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली परवाना लागतो. आम्ही ठरवले की माती प्रत्येकीने आपल्या घरीच भाजायची, भाजण्याचे वेळापत्रक एकच ठेवायचे, आणि भाजलेली पूड पाठवायची. तरी कागदांचा ढीग लागला. बारीक भुकटीचे पाकीट म्हटले की कुरिअरवाल्यांचा चेहरा बदलतो, ते योग्यच आहे. सुरक्षा-पत्रक, रासायनिक पृथक्करण, संस्थेचे पत्र, प्रत्येक पाकिटावर तोच मजकूर. क्यूबाला थेट काही पाठवणे फारच अवघड, त्यामुळे तिथले नमुने लोझानमार्गे जात. वाट पाहण्यात गेलेला काळ अहवालात कुठेच दिसत नाही.

आमच्या बैठका आमच्या संध्याकाळी साडेसहाला ठरल्या. उन्हाळ्यात तेव्हा लोझानला दुपारचे तीन आणि सांता क्लाराला सकाळचे नऊ वाजलेले असतात. याहून फार वेगळी वेळ घेतली तर कुणीतरी एकीने मध्यरात्री उठायचे. माझ्यासाठी ती घरी निघायची वेळ. बैठक आटोपून मी घणसोलीहून ठाण्याची गाडी धरायची. लोझानवालीचे बाळ लहान होते, पाळणाघर बंद होण्याआधी तिला निघावेच लागे. क्यूबावालीकडे वीज असेल तर चित्र दिसे, नसेल तर ती आवाजी संदेशात आकडे वाचून पाठवी, आणि ते आम्ही दोघींनी स्वतंत्र लिहून घेऊन ताडून पाहायचे. यातून काही नियम झाले, ते मला कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाचे वाटतात. जी हजर नाही तिच्या गैरहजेरीत निर्णय घ्यायचा नाही. ठरलेले त्याच दिवशी लिहून पाठवायचे. आणि शोधनिबंधावरच्या नावांचा क्रम कामाच्या आधी ठरवायचा, बाळंतपणाची रजा किंवा घरचे आजारपण आले म्हणून कुणाचे नाव मागे सरकणार नाही. हा शेवटचा नियम लोझानवालीने मांडला तेव्हा आम्हाला कुणालाच त्याची फोड करून सांगावी लागली नाही.

एकदा क्यूबावालीने विचारले, तुमच्याकडे या क्षेत्रातली पहिली बाई कोण? तिचे विद्यापीठ मार्ता आब्रेऊ या दानशूर बाईंच्या नावाचे आहे, त्यावरून विषय निघाला होता. मी तिला शकुंतला भगत यांच्याबद्दल सांगितले. १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या, ती घेणाऱ्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या बायकांपैकी एक. पुढे आयआयटी मुंबईत शिकवले, पतीबरोबर क्वाड्रिकॉन ही कंपनी काढून सुट्या भागांतून जोडता येणारे पोलादी पूल उभारले. वीणा सहजवालांबद्दलही सांगितले. मुंबईत जन्मलेल्या, आयआयटी कानपूरला शिकलेल्या, आणि आता सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात टाकाऊ टायर, काच आणि कापडापासून उपयोगी साहित्य घडवणाऱ्या. ही नावे आमच्या पाठ्यपुस्तकांत मला कधी दिसली नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलींना ती दिसावीत म्हणून मी आता पहिल्याच तासाला सांगते.

प्रयोगशाळेबाहेर पहिले काँक्रीट घोडबंदर रोडवरच्या एका पुनर्विकासाच्या कामावर ओतले. इमारतीचे खांब-तुळया नव्हेत. कंपाउंडची भिंत, गटाराची झाकणे आणि आतला रस्ता. नव्या सिमेंटची पारख अशाच जागी करावी, असे माझे ठाम मत आहे.

पहिली अडचण अर्थातच ट्रॅफिकची. तयार काँक्रीट पुरवणारा आरएमसी प्लांट तुर्भ्याच्या बाजूला, काम घोडबंदरला. आयएस ४९२६ प्रमाणे मिक्सर भरल्यापासून दोन तासांत खाली व्हायला हवा. एप्रिलच्या दुपारी कापूरबावडीला अडकलेल्या मिक्सरमध्ये भाजलेल्या मातीचे काँक्रीट लवकर घट्ट होत जाते. बाहेरच्या निबंधांत मिसळल्यानंतर थोड्या वेळाचा स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा सैलपणा, दिलेला असतो. आम्हाला दीड तासाचा हवा होता. शेवटी केमिकलचा एक भाग प्लांटवर आणि एक भाग साइटवर, असे दोन हप्ते केले आणि ओतणी रात्री लावली. लोझानवालीने यावरून त्यांच्या चाचणीत नव्वद मिनिटांचा टप्पा घातला.

दुसरी अडचण रंगाची. मातीत लोह असले की भाजून ती गुलाबी होते आणि काँक्रीटला तांबूस झाक येते. ठेकेदाराने पाहताच विचारले, "मॅडम, यात विटेचा चुरा टाकलाय का?" सिमेंट जितके काळपट तितके दमदार, हा साइटवरचा पक्का समज आहे. भाजलेली माती ऑक्सिजन कमी असलेल्या हवेत थंड केली तर ती करडी राहते, आणि कारखाने तसे करतात. आमच्या प्रयोगशाळेच्या भट्टीत ते शक्य नव्हते. मी त्याला क्यूबचे, म्हणजे काँक्रीटच्या चाचणी-ठोकळ्यांचे, अहवाल दाखवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या समोर क्यूब फोडून दाखवले. तेव्हा कुठे तो शांत झाला.

भिंतीच्या गिलाव्याचा माल हाताने कालवला जात होता. परभणीकडच्या एक मावशी घमेले भरून देत होत्या. बराच वेळ त्या मालाकडे बघत होत्या.

"मॅडम, ह्यो माल लई पाणी पितो बगा."

"हो मावशी. पण पाणी वाढवू नका हं. केमिकल घातलंय, थोडा वेळ कालवला की सैल होईल."

"पीठ बारीक दळलं की कणकीला पाणी जास्त लागतं, तसंच हाय हे."

पाण्याच्या मागणीचा जो उलगडा व्हायला आम्हाला इतका वेळ लागला होता, तो मावशींनी हाताने ओळखला. मग मी त्यांना क्युरिंगबद्दल विचारले, कारण माझी खरी काळजी तीच होती. आयएस ४५६ म्हणते, साधे सिमेंट असेल तर किमान ७ दिवस ओले ठेवा, मिश्र सिमेंट असेल तर किमान १०. घोडबंदरला उन्हाळ्यात प्यायला टँकर येतात, तिथे भिंतीला दहा दिवस पाणी कोण मारणार? आणि टँकरचे पाणी तरी कसे? सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात मिठातले क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, ते आम्ही प्रत्येक टँकरला तपासू लागलो.

मावशी म्हणाल्या, "दुपारी मारल्यालं पाणी उडून जातं. सांजच्याला मारायचं, गोणपाट टाकायचं, अन् वरून पलास्टिक झाकायचं. सकाळपर्यंत ओलं ऱ्हातं. पाणी निम्म्यात भागतं."

आम्ही तसेच केले. भिंतीचा एक तुकडा मावशींच्या पद्धतीने, एक नेहमीसारखा दुपारी नळी धरून, आणि एक तीन दिवसांनी पाणी बंद करून, कारण अनेक साइटवर प्रत्यक्षात तेच होते. संध्याकाळच्या बैठकीत मी हे सांगितले, तेव्हा क्यूबावाली पुढे सरकून ऐकू लागली. तिच्याकडेही पाण्याची ओढ आणि ऊन तसेच. आमच्या सामायिक पद्धतीत क्युरिंगचा जो परिच्छेद आहे तो मावशींच्या सांगण्यावरून लिहिला आहे, आणि सूचना कुठून आली हे तिथे लिहायचे आम्ही तिघींनी ठरवले.

याच साइटवर बायकांसाठी शौचालय नव्हते. मावशी आणि मी दोघी विक्री कार्यालयापर्यंत चालत जायचो. मला तिथे दार उघडले जाई, मावशींना विचारले जाई की काय काम आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात शौचालयाची तरतूद होती, आणि पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर पाळणाघराचीही. शाश्वत बांधकामाच्या आमच्या तक्त्यात कार्बनचा रकाना होता, पाण्याचा होता, टिकाऊपणाचा होता. मी त्यात शौचालयाचा रकाना घालायचा आग्रह धरला. कुणीतरी म्हणाले, हा साहित्यशास्त्राचा विषय नाही. मला ते मान्य नाही. दहा दिवस क्युरिंग हवे असेल तर ते करणारी बाई दहा दिवस साइटवर थांबू शकली पाहिजे. रकाना राहिला. पुढच्या ओतणीच्या आधी साइटवर पत्र्याचे शौचालय उभे राहिले, त्याला पाण्याची टाकीही लागली.

टिकाऊपणाचे काम सगळ्यात संथ. त्यासाठी ऐरोलीत खाडीकडे तोंड असलेल्या एका गच्चीवर आम्ही क्युरिंगच्या वेगवेगळ्या पद्धतींचे ठोकळे मांडले आहेत. काही उघड्यावर, काही छज्ज्याखाली. काँक्रीटमधल्या सळईला दोन बाजूंनी धोका असतो. एक खाऱ्या हवेतले क्लोराइड. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या वाशीच्या पहिल्या खाडीपुलाचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे; त्याच्या पोलादाला गंज लागला आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. जुन्या इमारतींत खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासून आतच असते. दुसरा धोका हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा. तो आत शिरला की काँक्रीटची अल्कली उतरते आणि सळईवरचे संरक्षण जाते.

एलसी-३ पहिल्या धोक्याला फार चांगले तोंड देते. त्याची छिद्रे बारीक असतात आणि क्लोराइड त्यातून साध्या सिमेंटच्या तुलनेत कितीतरी हळू सरकते. ठोकळा फोडून त्यावर सिल्व्हर नायट्रेट फवारले की क्लोराइड पोहोचले तिथपर्यंतची पांढरी कड दिसते, ती आमच्या ठोकळ्यांत वरवरच थांबली आहे. दुसऱ्या धोक्यात मात्र ते मागे पडते, कारण क्लिंकर कमी म्हणजे चुन्याचा साठाही कमी. फिनॉल्फ्थॅलीन टाकले की निरोगी काँक्रीट गुलाबी होते आणि अल्कली गेलेला भाग रंगहीन राहतो. छज्ज्याखालच्या ठोकळ्यांत रंगहीन पट्टा उघड्यावरच्यांपेक्षा रुंद निघाला. पावसात भिजणाऱ्या काँक्रीटची छिद्रे पाण्याने भरलेली असतात, वायू आत शिरत नाही. आडोशाला असलेले सुकते, आणि सापेक्ष आर्द्रता ५० ते ७० टक्के असताना ही क्रिया सगळ्यात जोरात चालते. आपल्याकडे दिवाळी ते होळी नेमकी तशीच हवा. तीन दिवसच पाणी मिळालेल्या ठोकळ्यांत हा पट्टा सर्वांत रुंद, मावशींच्या पद्धतीच्या ठोकळ्यांत सर्वांत अरुंद. ही छायाचित्रे पाठवली तेव्हा लोझानवालीने आपल्या प्रयोगशाळेत, वाढीव कार्बन डायऑक्साइडच्या कपाटात, तीन दिवस क्युरिंगचा वेगळा संच लावला.

आणखी एक गोष्ट मला आमच्या निबंधात ठासून लिहायला लावावी लागली. बाहेर या सिमेंटची तुलना निव्वळ क्लिंकरच्या सिमेंटशी होते आणि बचत ४० टक्क्यांपर्यंत दिसते. पण ठाण्यात घरे बरीचशी आधीच पीपीसी या मिश्र सिमेंटची होतात, ज्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रांतली राख असते. त्याच्याशी तुलना केली तर बचत कमी भरते, आणि तीच खरी बचत. डोळवीच्या पोलाद कारखान्याची स्लॅग, म्हणजे भट्टीतली मळी, मिळत असेल तिथे स्लॅगच वापरावी, कच्छहून माती आणू नये, असेही मी लिहिले. स्लॅग सगळ्यांना पुरणार नाही, तिथून एलसी-३ चे काम सुरू होते. दोघींनी यावर बराच वाद घातला आणि मग तुलनेचा तक्ता दोन भागांत केला.

मध्यंतरी नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीच्या सोसायटीच्या सचिव ताई भेटायला आल्या. इमारत पुनर्विकासाला चालली आहे आणि त्यांना करारात हे सिमेंट मागायचे होते. मी म्हटले, "ताई, सिमेंटचे नाव नंतर. आधी हे मागा." किनारपट्टीच्या हवेला आयएस ४५६ 'तीव्र' म्हणते. त्यासाठी किमान एम-३० दर्जाचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर. कव्हर ब्लॉक दगडाच्या तुकड्यांचे नकोत. प्रत्येक ओतणीचे क्यूब बाहेरच्या प्रयोगशाळेत जावेत. पाण्याची आणि वाळूची क्लोराइड चाचणी. आणि क्युरिंगचे रजिस्टर, रोज संध्याकाळी सही, ती सोसायटीच्या सदस्याने तपासायची. एवढे जिथे पाळले जाते तिथे एलसी-३ मागायला माझी बिनशर्त संमती आहे.

ताईंनी सगळे वहीत उतरवून घेतले आणि शौचालयाची अट मी न सांगता स्वतः जोडली. मसुदा बिल्डरकडे गेला, तिथून तो क्युरिंगच्या रजिस्टरची ओळ खोडून परत आला. ताईंनी ती पुन्हा लिहून पाठवली आहे.